दिवाळीच्या सुट्टीत ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची ठिकाणं: आधी देश कमी करा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीची सुट्टी, प्रवास धरून बारा दिवस, तुम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई, बडोद्याहून निघून उत्तर आयर्लंड, क्रोएशिया, स्पेन आणि आइसलँड अशी ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या चित्रीकरणाची सगळी ठिकाणं बघायची आहेत, ते जमेल का?

चारही जमणार नाहीत. जाऊन-येऊन दोन दिवस विमानात गेले की हातात दहा उरतात. त्यात चार देश घातले तर विमानतळच जास्त बघून होतील. या सहलीत एकच देश घ्या. कुठला, ते तुमच्या आवडीच्या सीझनवरून ठरवू नका. व्हिसा आणि दिवसाचा उजेड या दोन गोष्टींवरून ठरवा.

आधी उजेड. नोव्हेंबरच्या मध्यावर उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टला दुपारी साडेचारच्या आत सूर्य मावळतो. तिथली बहुतेक ठिकाणं उघड्यावर आहेत: किनारा, जंगल, गुहा. गाडीत दीड तास बसून पोहोचेपर्यंत निम्मा दिवस संपलेला असतो, वर पाऊस. आइसलँडमध्ये त्याहून कमी उजेड. क्रोएशियातल्या दुब्रोव्निकला थंडी कमी असते, पण तिथल्या हिवाळ्यात लोक्रुम बेटाची होडी बंद असते. नोव्हेंबरमध्ये सुखाने फिरता येतं ते दक्षिण स्पेनमध्ये. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिलचं तापमान चाळिशीच्या वर जातं, म्हणजे आपल्या मे महिन्याइतकं. नोव्हेंबरमध्ये तिथे एका स्वेटरवर भागतं आणि गर्दीही कमी असते. म्हणून दिवाळीत स्पेन. उत्तर आयर्लंड किंवा क्रोएशिया पुढच्या मेच्या सुट्टीत करा. मेमध्ये बेलफास्टला रात्री नऊच्या पुढेही उजेड असतो.

आता दिवसांची वाटणी. सेव्हिलला चार रात्री, कोर्डोबाला दोन, उरलेल्या बार्सिलोना किंवा जिरोनाला.

सेव्हिलचा आल्काझार राजवाडा म्हणजे पाचव्या सीझनमधल्या डॉर्न प्रांताचा राजवाडा. बागा आणि मर्क्युरीचा तलाव पडद्यावर जवळजवळ जसेच्या तसे आहेत, संगणकाने फारसं काही जोडलेलं नाही. म्हणूनच पहिलं ठिकाण हेच घ्या. तिकीट ऑनलाइन आणि ठरावीक वेळेचं काढा, सकाळची पहिली वेळ मिळाली तर उत्तम. नाव पासपोर्टप्रमाणे लिहा आणि पासपोर्ट सोबत ठेवा. आत गेल्यावर गर्दी आधी दालनांकडे जाते. तुम्ही उलट करा, थेट बागेत जा आणि दालनं नंतर बघा.

इटालिका शहराबाहेर सान्तिपोन्से गावात आहे. प्लाझा दे आर्मास बसस्थानकावरून बस मिळते. सातव्या आणि आठव्या सीझनच्या शेवटच्या भागांतला ड्रॅगनपिट, ड्रॅगन ठेवायची पडकी जागा, तो हाच, म्हणजे रोमन काळातलं अँफिथिएटर. त्यात २५ हजार माणसं बसत. सोमवारी बंद असतं. आत सावली नाही आणि पायाखाली उंचसखल दगड आहेत, त्यामुळे सासूबाईंना काठी द्या. मधल्या खड्ड्याभोवती सपाट चालता येतं, वर चढायची गरज नाही.

ओसुना हे सेव्हिलहून रेल्वेने तासाभरावरचं गाव. तिथल्या बैलझुंजीच्या रिंगणात डॅझनॅकच्या पिटचा, म्हणजे मालिकेतल्या झुंजीच्या मैदानाचा प्रसंग, ड्रॅगन उतरतो तो, चित्रित झाला. मालिकेत ते प्रचंड दिसतं, कारण वरचे मजले संगणकाने चढवले आहेत. खरं रिंगण लहान आहे. हे आधी माहीत नसेल तर मुलगी हिरमुसेल. गावच्या संग्रहालयात मालिकेसाठी एक दालन आहे, ते रिंगणाइतकंच बघण्यासारखं आहे. जायच्या आदल्या दिवशी पर्यटन कार्यालयाकडून रिंगणाची वेळ विचारून घ्या, फक्त त्यासाठी गेलात आणि दार बंद असलं तर दिवस वाया.

कोर्डोबाचा रोमन पूल म्हणजे मालिकेतल्या व्होलांटिस शहराचा लांब पूल. त्यावरची घरं संगणकाची, कमानी खऱ्या. पूल संध्याकाळी बघा आणि सकाळ शेजारच्या मशीद-कॅथेड्रलला द्या. पुलासाठी आलेले लोक ते घाईत उरकतात, ही फार मोठी चूक आहे. जवळच अल्मोदोवार देल रिओचा किल्ला आहे, तोच मालिकेतला हायगार्डन किल्ला. गावातून वर चांगला चढ आहे, टॅक्सी करा.

जिरोनाचं कॅथेड्रल म्हणजे सहाव्या सीझनमधलं सेप्ट ऑफ बेलोर हे मोठं देऊळ, जिथे सरदार जेमी घोड्यावरून पायऱ्या चढतो. पायऱ्या भरपूर आणि कठडा नसलेल्या. सासूबाईंना खाली बसवून तुम्ही वर जा. कॅथेड्रलच्या आतलं मधलं दालन २३ मीटर रुंद आहे, गॉथिक देवळांत जगातलं सर्वांत रुंद. ते पडद्यावर दिसलंच नाही. बार्सिलोनाहून जलद रेल्वेने हे अंतर ४० मिनिटांचं आहे.

उत्तरेला बिल्बाओजवळचं गाझ्तेलुगाचे, म्हणजे मालिकेतल्या ड्रॅगनस्टोन किल्ल्याचा जिना, या सहलीत घेऊ नका. २४१ पायऱ्या आहेत, आणि तिथवर पोहोचण्यासाठी आधी उतार, म्हणजे परतताना पुन्हा चढ. माथ्यावर किल्ला नाही, एक छोटं देऊळ आहे. गर्दीच्या दिवसांत आधी ऑनलाइन जागा राखून ठेवावी लागते, ती मोफत असते. पुढे कधी गेलात तर आधी पावागडच्या पायऱ्या चढून दम किती टिकतो ते बघा. याहून सोपी परीक्षा बडोद्याजवळ नाही.

मेमधल्या क्रोएशियाबद्दल आत्ताच सांगते, कारण त्यात व्हिसाची एक मेख आहे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या स्पेनसारख्या युरोपीय देशांच्या गटात आहे. स्प्लिटहून दुब्रोव्निकला जाणारा जुना किनारी रस्ता मध्येच बोस्नियाच्या न्यूम गावातून जातो आणि बोस्निया शेंगेनमध्ये नाही. तुमचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर न्यूमला बाहेर पडलात की तो संपला, पलीकडे परत आत घेणार नाहीत. जुलै २०२२ मध्ये पेल्येशॅत्सचा पूल झाला, त्यावरून गेलं की बोस्निया लागतच नाही. पण सगळ्या बस त्या पुलावरून जातात असं नाही. तिकीट काढताना ‘पुलावरून की न्यूमवरून’ हे स्पष्ट विचारा. दुब्रोव्निकहून मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरची एका दिवसाची सहल विकतात, तिलाही हेच लागू. अर्ज करतानाच अनेकदा प्रवेशाचा व्हिसा मागा आणि हातात आल्यावर त्यावर ‘प्रवेश’च्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा.

दुब्रोव्निक म्हणजे दुसऱ्या सीझनपासूनचं किंग्ज लँडिंग, मालिकेतली राजधानी. (पहिल्या सीझनमधली ही राजधानी माल्टात झाली. तिथली समुद्रातली दगडी कमान, जिच्यापुढे राजकन्या डॅनीचं लग्न होतं, ८ मार्च २०१७ ला कोसळली. कमान बघायला म्हणून माल्टाला जाऊ नका.) जुनं शहर कोटाच्या आत आहे, मांडवीच्या चार दरवाज्यांतल्या जुन्या बडोद्यासारखं, फक्त आत वाहनं नाहीत. कोट १९४० मीटर लांब आहे आणि वरून एकाच दिशेने फिरायचं असतं, मागे वळता येत नाही. म्हणून पाणी आणि टोपी आधीच घ्या आणि सकाळी दरवाजा उघडताच चढा. दहानंतर क्रूझ जहाजांची माणसं येतात. बंदराचं जहाजांचं वेळापत्रक ऑनलाइन मिळतं, कमी जहाजांचा दिवस बघून कोटाचा दिवस ठरवा. नुसत्या कोटाच्या तिकिटात आणि संग्रहालयं धरून मिळणाऱ्या शहराच्या पासात फरक अगदी थोडा असतो, पासच घ्या.

लोव्रियेनाक किल्ला कोटाबाहेर ३७ मीटर उंच कड्यावर आहे. मालिकेतल्या रेड कीप राजवाड्याचा पाया तो. कोटाच्या तिकिटात तो येतो, तिकीट फेकू नका. त्याच्या भिंती बाहेरच्या बाजूला १२ मीटरपर्यंत जाड, आणि शहराच्या बाजूला जेमतेम ६० सेंटिमीटर. किल्ला शत्रूच्या किंवा बंडखोर किल्लेदाराच्या हाती गेला तर शहरातून तोफ डागून पाडता यावा म्हणून. दरवाज्यावर कोरलंय की जगातल्या सगळ्या सोन्यासाठीही स्वातंत्र्य विकू नये. मालिकेत यातलं काही नाही, पण तिथे उभं राहिल्यावर हेच जास्त भावतं.

राणी सर्सीची धिंड सुरू होते तो जेझुइट जिना सकाळी सातला रिकामा असतो. वरचं देऊळ पडद्यावर पुसून तिथे सेप्ट बसवलं आहे. पायऱ्यांचा चुनखडीचा दगड झिजून गुळगुळीत झालाय, ओला असला की हमखास घसरतो. रबरी तळव्याचे बूट घाला. लोक्रुमला जुन्या बंदरातून होडीने पंधरा मिनिटं लागतात. तिथल्या मठात लोखंडी सिंहासनाची प्रतिकृती आहे, मुलीला बसून फोटो काढता येईल. बेटावर रात्री राहता येत नाही. उतरल्याबरोबर परतीची शेवटची होडी किती वाजता ते फलकावर बघा.

उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये येतं, म्हणून तिथे वेगळा ब्रिटनचा व्हिसा लागतो. तिथली मोठी गफलत डब्लिनची. इंटरनेटवरच्या पुष्कळ सहली डब्लिनहून सुटतात आणि तिकीटही स्वस्त दिसतं, पण डब्लिन आयर्लंड या वेगळ्या देशात आहे. जमिनीवरच्या सीमेवर कुणी पासपोर्ट बघत नाही, म्हणून परवानगी लागत नाही असा अर्थ होत नाही. लंडन किंवा मँचेस्टरहून थेट बेलफास्टला उतरा, प्रश्नच मिटतो. तिथे गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, हा मोठा फायदा. गाडी ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच मागा, नाहीतर गिअरची मिळते. किनाऱ्याच्या एका रस्त्यावर कार्नलॉ, कुशेंडनच्या गुहा, लॅरीबेन आणि बॅलिंटॉय बंदर ओळीने लागतात, एक लांबलचक दिवस पुरतो. मालिकेतल्या विंटरफेल किल्ल्याचं अंगण कॅसल वॉर्डला, बेलफास्टच्या दुसऱ्या बाजूला, तो वेगळा दिवस. सेट, पोशाख आणि तलवारी बॅनब्रिजच्या स्टुडिओ टूरमध्ये आहेत. पाऊस लागलाच तर हा दिवस तिकडे वळवा, मात्र तिथेही वेळ राखून तिकीट काढावं लागतं.

उत्तर आयर्लंडमधल्याच डार्क हेजेसबद्दल, म्हणजे दुतर्फा झाडांच्या बोगद्यासारख्या रस्त्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त निराशा तिथे होते. अठराव्या शतकात लावलेली बीचची झाडं आता म्हातारी झाली आहेत, वादळांत आणि तोडणीत बरीच गेली. २०१७ पासून त्या रस्त्यावर वाहनांना बंदी आहे, गाडी जवळच्या हॉटेलपाशी लावून चालत जायचं. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने फोटो काढला की झाडं विरळ आणि रस्ता बोडका दिसतो. मागे जा, तीनपट झूम करा, फोन कमरेच्या उंचीवर धरा. झाडं एकमेकांवर चढल्यासारखी दिसतात आणि बोगदा तयार होतो. मुळांवर उभं राहू नका आणि मुलीलाही चढू देऊ नका. माणसांच्या पायांनी माती दबते आणि म्हाताऱ्या मुळांना ते सोसत नाही.

फोटोचं आणखी एक तंत्र सगळीकडे वापरा. घरून निघण्याआधी प्रत्येक ठिकाणची तीन-चार दृश्यं थांबवून त्यांचे फोटो फोनमध्ये साठवा, नावात सीझन आणि भागाचा आकडा टाका. जागेवर पोहोचलात की संगणकाने घातलेलं सोडा आणि खऱ्या खुणा शोधा: कमान, पायरीचा कोपरा, कठड्याचा दगड. त्या जुळल्या की कॅमेरा कुठे होता ते आपोआप कळतं. नववीतल्या मुलीवर हे काम सोपवा, ती तुमच्याआधी शोधून काढेल.

कागदपत्रांचं: शेंगेनचा अर्ज जास्त रात्री ज्या देशात, त्या देशाकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. दिवाळीसाठी जुलै-ऑगस्टमध्येच करा, कारण आपल्याकडे सगळे याच सुट्टीत निघतात. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालायला हवा, सासूबाईंचा आजच काढून बघा. शेंगेन आणि ब्रिटन एकाच सहलीत जोडू नका, कारण पासपोर्ट एका वेळी एकाच ठिकाणी जमा राहतो.

खाण्याचं: थेपले, चिवडा, कोरडी चटणी खुशाल न्या. पेढे, बर्फी, तूप, श्रीखंडवडी नको. बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे, काढून घेतात. फराळातले बेसनाचे लाडू तुपातले असतात, तेही घरीच ठेवा. स्पेनमध्ये ‘मांस नको’ म्हटलं तरी सॅलडवर टूना मासा आणि सूपवर हॅमचे तुकडे येतात, दोन्हींची नावं घेऊन नको म्हणा. सेव्हिलमध्ये ‘एस्पिनाकास कोन गारबान्सोस’ मागा. पालक आणि काबुली चणे, जिऱ्याच्या वासाचे. सासूबाई पोळीसोबत खातात तशीच ती भाजी लागते, फक्त पोळीऐवजी पाव येईल.