माळवदाचे घर, मागचा बंगला आणि ९४ वर अडलेला वेग

प्रश्न : आमचे राहते घर अंबाजोगाई तालुक्यात आहे. पुढे आजोबांच्या वेळचे माळवदाचे घर आणि मागे, अंगण सोडून, नवे आरसीसीचे दोन मजली बांधकाम आहे. ३०० मेगाबिटचे फायबर कनेक्शन पुढच्या ओसरीत आले आहे. जाड भिंतींमुळे मागे वायफाय पोहोचत नाही, म्हणून वायरमनकडून अंगणावरून लॅनची केबल ओढून घेतली आणि मागे दुसरा राउटर बसवला. तरीही मागच्या संगणकावर वेग ९४ च्या वर जात नाही, आणि पुढच्या घरातला प्रिंटर मागून दिसत नाही. मुलगी नीटची तयारी करते, तिच्या तासिका अडकतात. काय करावे?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आपण ९४ हा आकडा नेमका कळवला, हे फार चांगले झाले, कारण दोष कुठे शोधायचा हे त्या आकड्यातच आहे. कनेक्शन ३०० चे असून वेग दर वेळी ९४ च्या आसपास थांबत असेल, तर वाटेतला एखादा सांधा गिगाबिटऐवजी (म्हणजे १००० मेगाबिटऐवजी) १०० मेगाबिटवर चालतो आहे, असे समजावे. १०० मेगाबिटला केबलमधल्या पिळलेल्या तारांच्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला मात्र चारही जोड्या म्हणजे आठही तारा लागतात. जादा लागणाऱ्या दोन जोड्यांतली एक तार जरी नीट टेकली नसेल, तरी दोन्ही टोकांची यंत्रे मुकाट्याने खालच्या वेगावर उतरतात आणि इंटरनेट चालू असल्याने कुणाला शंका येत नाही.

आधी मागच्या राउटरचे पोर्ट गिगाबिटचे आहेत का, ते त्याच्या खोक्यावर पाहावे, कारण स्वस्त राउटरवर ते पुष्कळदा १०० चेच असतात. तेथे ठीक असेल तर केबलच्या टोकाचा पारदर्शक प्लग उजेडात धरावा. खिटी मागे आणि सोनेरी पट्ट्या डोळ्यांसमोर वरच्या बाजूला ठेवल्यावर डावीकडून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा क्रम दिसला पाहिजे, आणि प्रत्येक तार थेट पुढच्या टोकाला भिडलेली दिसली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी हिरव्याची जोडी शेजारी-शेजारीच बसवलेली आढळते. दोन्ही टोकांना तोच क्रम असेल तर साध्या टेस्टरचे आठही दिवे पेटतात, पण जोडीची वीण मोडल्यामुळे वेग टिकत नाही. म्हणून टेस्टरवर विसंबू नये, रंग स्वतः मोजावेत. त्याच वेळी तार चाकूने जरा खरवडून पाहावी. आतून चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार आहे. ती ठिसूळ असते आणि लांब अंतरावर दगा देते, त्यामुळे ती काढूनच टाकावी. अस्सल तांब्याची कॅट ५ई (लॅन केबलची एक प्रत, केबलवरच छापलेली असते) असेल तर मात्र बदलू नका, कारण १०० मीटरपर्यंत ती गिगाबिट निभावते.

प्रिंटर न दिसण्याचे कारण वेगळे आहे. दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठीच्या खाचेत) केबल लावल्यामुळे मागे स्वतंत्र जाळे तयार झाले आहे. त्या राउटरमध्ये अॅक्सेस पॉइंटची (स्वतःचे जाळे न करता पहिल्याच जाळ्याचे वायफाय पुढे देण्याची) सोय असेल तर तीच निवडावी. नसेल तर त्याचा आयपी पत्ता (जाळ्यातला ओळख क्रमांक) पहिल्याच्या मालिकेतला पण वेगळा ठेवावा (उदाहरणार्थ पहिल्याचा १९२.१६८.१.१ असेल, तर याचा १९२.१६८.१.२), नंतर त्यातले डीएचसीपी (इतर यंत्रांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करावे आणि केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टात लावावी. घरात पत्ते वाटणारा राउटर एकच असावा. मागे जास्त यंत्रे जोडायची असतील तर साधा आठ पोर्टांचा गिगाबिट स्विच पुरेसा आहे. मात्र एकाच स्विचचे दोन पोर्ट चुकून एकाच केबलने एकमेकांना जोडले गेले तर सगळे जाळे ठप्प होते, हे ध्यानात असू द्यावे.

मला खरी काळजी वाटते ती अंगणावरून गेलेल्या केबलची. आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा किती पडतात, हे सांगायला नको. वीज घरावरच पडावी लागते असे नाही. जवळपास पडली तरी उघड्यावरच्या लांब तांब्याच्या तारेत दाब उसळतो आणि दोन्ही टोकांची यंत्रे जळतात. दोन इमारतींचे अर्थिंग वेगळे असेल तर धोका आणखी वाढतो. तेथे तांबे काढून जमिनीखालून, पाईपमधून, धातूची तार नसलेली फायबर न्यावी आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टरची (फायबरला लॅन केबलशी जोडणाऱ्या डब्यांची) जुळलेली जोडी लावावी. खर्च थोडा वाढेल, पण तो कराच. तसेच केबल माळवदातून भोक पाडून खाली घेऊ नये. पांढऱ्या मातीचा थर एकदा उकरला की गळती मागे लागते. खिडकीच्या चौकटीतून आत घेऊन तुळईच्या कडेने पट्टीत न्यावी, आणि विजेच्या वायरीपासून वीतभर लांब ठेवावी.

लोडशेडिंगमध्येही तासिका चालायच्या असतील, तर फायबरचा डबा, राउटर, दोन्ही कन्व्हर्टर आणि मागचा स्विच व राउटर या सगळ्यांना इन्व्हर्टरची लाइन किंवा योग्य व्होल्टचा छोटा यूपीएस हवा. यांपैकी एकाचा दिवा विझला तरी मागचे इंटरनेट बंद पडते.

प्रश्न : घराचे बांधकाम सुरू आहे. लॅनची केबल कॅट ६ घ्यावी की त्याहून भारी?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : कॅट ६ घ्यावी. ती सुमारे ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही पेलते आणि घरात एवढे अंतर सहसा होत नाही. वाचलेल्या पैशांत प्रत्येक खोलीपर्यंत जाड रिकामा पाईप, मोठ्या वळणांसह, प्लास्टर होण्याआधी बसवून घ्यावा, आणि त्यात ओढदोरी सोडून ठेवावी.