पाऊस गेला, मग चेन का गंजते?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं : सायकलची चेन

प्रश्न : रोज पहाटे डेअरीला दूध घालायला सायकलवरून जातो. साधी, बिनगिअरची सायकल आहे, रात्री अंगणात असते. पावसाळ्यात चेनला काही झालं नाही, पण थंडी पडल्यापासून आठवड्यात लाल होतीय आणि कुरकुरतीय. पाऊस नाही, पाणी नाही, मग गंज कुठनं येतो? (वडणगे)

उत्तर : पाणी आहे, ते दवाचं. आभाळ स्वच्छ असलं की उघड्यावरचं लोखंड रात्रीत हवेपेक्षाही गार होतं आणि हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते. सकाळी सीटवर हात फिरवला की तळवा ओला होतो ना? तेवढंच पाणी चेनवरही असतं, फक्त ते कुणी पुसत नाही. त्यात तुमच्याकडे नदीकाठ आणि भोवती पाणी पाजलेला ऊस, म्हणजे हवेत ओल भरपूर. जूनमध्ये चेनच्या पोटात तेल होतं, त्यावर पावसाळा निघाला. ते धुऊन संपलं नेमकं थंडीच्या तोंडावर.

पहिला उपाय फुकटचा आहे. सायकल सोप्यात घ्या, नाहीतर पत्र्याखाली. डोक्यावर आडोसा असला की दव फारसं धरत नाही. प्लास्टिकचा कागद मात्र जमिनीपर्यंत गुंडाळू नका, जमिनीची ओल आत कोंडते.

आता तेलाचं. चेनची एक कडी बोटांत धरून बघा. बाहेर दोन पट्ट्या, आत दोन पट्ट्या, त्यांच्यामध्ये फिरणारा रोलर आणि रोलरच्या पोटात पिन. पट्टीवरचा गंज दिसायला वाईट, पण चेन खातो तो पोटातला गंज, आणि कुरकुरही तिथूनच येते. म्हणून तेल रोलरवर सोडायचं, पट्टीवर नाही.

आधी सफाई. सायकल स्टँडवर लावा, चेनकव्हर काढा. अर्धी वाटी डिझेल किंवा हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन घ्या (रॉकेल मिळालं तर तेही चालेल, पेट्रोल नको, ठिणगीला निमित्त होतं). जुन्या टूथब्रशनं चेनच्या चारी बाजू घासा, पायडल उलटं फिरवत पूर्ण चेन दोनदा येऊ द्या. पुढच्या चकतीच्या आणि फ्रीव्हीलच्या (मागच्या चाकावरची दात्यांची चकती) दातांत साचलेला काळा लगदा काडीनं काढा, पण फ्रीव्हीलवर डिझेल ओतू नका. त्याच्या आत छर्रे आणि वंगण असतं, तेच धुऊन निघतं. मग जुन्या बनियनच्या चिंधीत चेनचा खालचा पदर धरून पायडल उलटं फिरवा. चिंधी काळी यायची थांबेपर्यंत चिंध्या बदला. बोटं चकतीपासून लांब ठेवा. त्यानंतर अर्धा-पाऊण तास ऊन द्या, कारण आत डिझेल राहिलं तर नवं तेल पातळ होऊन गळून जातं.

उघड्यावर वापरायच्या सायकलला शिलाई मशीनचं तेल चालतं, पण ते पातळ असतं, दवात आठवडाभर टिकलं तर नशीब. मोटरसायकलचं नवं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑईल जास्त टिकतं. थंडीत ते घट्ट होतं, म्हणून बाटली थोडा वेळ उन्हात ठेवा. चेन लॉकच्या कडीपासून (जिच्यावर चेन जोडणारी क्लिप असते) सुरुवात करा आणि एका रोलरवर एकच थेंब सोडत पुन्हा त्या कडीपर्यंत या. साध्या चेनला शंभर ते एकशेवीस कड्या असतात आणि वीसेक थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे सगळं मिळून पाच-सहा मिलिलिटर, चहाचा एक चमचा. पायडल तीसेक वेळा उलटं फिरवा, पंधरा मिनिटं थांबा आणि चेन बाहेरून कोरडी लागेपर्यंत पुसा.

बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. तेल भरपूर घालतात, पुसत नाहीत. बाहेर राहिलेल्या तेलावर धूळ बसते, तिचा काळा लेप होतो आणि तो कानशीसारखा दाते घासतो.

थंडीभर दर पंधरा दिवसांनी तेल, महिन्यातून एकदा सफाई आणि सकाळी निघताना चेनवरून कोरडं फडकं, एवढं पुरे. सफाईसाठी चेन काढलीच, तर लॉकची माशासारखी क्लिप परत बसवताना तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते तिकडे ठेवा. उलटी बसली तर कशाला तरी अडकून निघते. मागचं चाक आवळताना चेनला मधोमध वर-खाली मिळून सुमारे अर्धा इंच ढील राहू द्या.

प्रश्न : घरात खोबरेल आणि शेंगतेल असतंच. तेच घातलं तर काय बिघडतं? (राजारामपुरी)

उत्तर : खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरच्या सकाळी बाटली गरम पाण्यात धरावी लागते, तेच चेनमध्येही होतं. आत पोचायच्या आधीच त्याचा पांढरा गोळा होतो. शेंगतेल गोठत नाही, पण हवा लागून चिकट होतं. तळणाच्या कढईच्या काठावर नखानंही निघत नाही असा पिवळा थर बसतो ना, तोच थर रोलरमध्ये बसला की कडी वळायची थांबते. अडीअडचणीला एक दिवस चालेल, पुढच्या रविवारी धुऊन काढा.

प्रश्न : उद्यमनगरात गॅरेजमध्ये इंजिनचं काढलेलं ऑईल फुकट मिळतं. ते घालावं का? (शाहूपुरी)

उत्तर : नको. त्यात काजळी असते, धातूचा कीस असतो आणि इंजिनात तयार झालेलं आम्लही. म्हणजे गंज थांबवायला गंजाचंच सामान आणलं. कातडीलाही ते वाईट. नव्या ऑईलचा खर्च चहाच्या एका चमच्याचा आहे, त्यात काटकसर कशाला? ग्रीससुद्धा नको. ते वरच बसून राहतं.

प्रश्न : गिअरची सायकल घेऊन रविवारी पन्हाळ्याला किंवा जोतिबाला जातो. आल्यावर वॉशिंग सेंटरला प्रेशरनं धुऊन घेतो आणि चेनवर डब्ल्यूडी-४० मारतो. तरी दोन दिवसांत चेन कोरडी वाजते. (नागाळा पार्क)

उत्तर : दोन्ही सवयी मिळून हे होतंय. प्रेशरचं पाणी रोलरच्या पोटात तर जातंच, हबच्या आणि पायडलच्या बेअरिंगमध्येही घुसतं आणि तिथलं ग्रीस बाहेर काढतं. डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये धातूवरचं पाणी हटवायला बनवलेलं द्रव्य. नावातली दोन अक्षरं त्याच अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आहेत. धुतल्यावर ओल काढायला ते चांगलं, पण त्यातला पातळ भाग उडून गेला की चेनला पुरेल एवढं वंगण मागं राहत नाही. त्यामुळं ते मारून पुसा, आणि मग खरं तेल घाला.

धुवायला बादली, मग, स्पंज आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब बास. पुसून तासभर ऊन द्या. हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्यांमागं रस्त्यावर माती आणि पाचटाचा भुगा असतो, त्याला मेणाचं ड्राय ल्यूब बरं, कारण त्यावर धूळ कमी चिकटते. ते आदल्या रात्री घाला. त्यातलं पातळ द्रव्य उडायला तीन-चार तास लागतात, निघताना घातलं तर नुसतं उडून बाहेर पडतं. सायकल उघड्या गॅलरीत राहत असेल तर मात्र आमचं मत साध्या तेलाकडे झुकतं, दवापुढं मेणाचा थर तेवढा टिकत नाही. दीडशे ते दोनशे किलोमीटरनं पुन्हा घाला. पन्हाळा जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, म्हणजे चार-पाच रविवारांनी. मालवण-रत्नागिरीला जाऊन आलात तर हिशेब वेगळा : खारी हवा लागलेली चेन त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुऊन, वाळवून, तेल घालून ठेवा.

डिस्क ब्रेक असेल तर तेल घालताना डिस्कवर फडकं टाका. थेंब पडून ब्रेकपॅडमध्ये मुरला तर पॅडच बदलावे लागतात.

प्रश्न : परड्यात दोन वर्षं पडलेली सायकल काढलीय. चेन पार तांबडी, काही कड्या वळतच नाहीत. तांब्याची भांडी चिंचेनं लख्ख होतात, तशी चेन चिंचेच्या पाण्यात रात्रभर ठेवली तर? (कागल)

उत्तर : भांड्याला पोट एकच असतं आणि ते धुता येतं. चेनच्या शंभरावर पिनांभोवती शिरलेली चिंच धुऊन निघत नाही. दोन दिवसांत चेन आधीपेक्षा लाल होते. शिवाय चेनच्या पिना कडक पोलादाच्या असतात, आम्लात फार वेळ राहिल्या तर ठिसूळ होऊन तुटू शकतात. लिंबू, व्हिनेगर, बाथरूमचं ॲसिड, सगळ्यांना हेच लागू.

चेन काढा. पत्र्याच्या डब्यात तीन भाग डिझेल आणि एक भाग इंजिन ऑईल घेऊन त्यात दिवसभर बुडवा. मग अडलेली एकेक कडी दोन्ही हातांनी वर-खाली आणि थोडी आडवी वाकवत मोकळी करा. सगळ्या सुटल्या तर चेन मोजा. पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत नेमका अर्धा इंच असतो, म्हणजे २४ कड्या १२ इंचांत बसायला हव्यात. चेन ताणून शाळेची फूटपट्टी लावा. चोविसावी कडी १२ इंचांच्या पुढं एक अष्टमांश इंच, म्हणजे ३ मिलिमीटर गेली असेल तर ती टाका. गिअरच्या सायकलला याच्या निम्मीच सूट. लोक म्हणतात चेन ताणली, पण पट्टी ताणत नाही. पिना झिजून प्रत्येक जोडात पोकळी पडते आणि लांबी वाढते. पट्टीला खड्डे पडले असतील, तडा असेल किंवा एखादा रोलर गायब असेल, तर मोजत बसू नका.

नवी घेताना जुनीचा तुकडा दुकानात न्या. साध्या सायकलला एक अष्टमांश इंच रुंदीची लागते, गिअरच्या सायकलला त्याहून अरुंद. फ्रीव्हीलचे दाते एका बाजूला कलून टोकदार झाले असतील तर तेही बदला, नाहीतर नवी चेन जोर लावताच त्यावरून उडी मारते. नव्या चेनमधलं कारखान्यातलं ग्रीस धुवू नका, फक्त बाहेरून पुसा.

डब्यातलं काळं डिझेल गटारीत ओतू नका. बाटलीत भरून आठवडाभर ठेवलं की गाळ खाली बसतो, आणि वरचं नितळ डिझेल पुढच्या सफाईला चालतं.