बाईची हजेरी कमी का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

‘बाईमाणसाची हजेरी (रोजची मजुरी) कमीच असते’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात येतं. कायद्यात ते कुठेही नाही. 1976 च्या समान वेतन कायद्यात नव्हतं, 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झालेल्या वेतन संहितेत, म्हणजे वेतनाच्या नव्या कायद्यातही नाही.

सोयाबीन काढणीला गड्याला 500, बाईला 300 रुपये रोज. दोघं शेजारच्याच पातीवर. चालतं का? (परतूर)

नाही. काम आणि तास सारखे, तर रोजही सारखाच.

पॅकिंग मशीन मीही चालवते, शेजारचा मुलगाही. त्याच्या पगारपत्रकावर ‘ऑपरेटर’, माझ्या ‘हेल्पर’. एचआर म्हणतात, पद वेगळं म्हणून पगार वेगळा. (वाळूज)

सगळ्यात जास्त पत्रं याच युक्तीबद्दल येतात. हेल्परचा शिक्का मारला की बाई वर्षानुवर्षं अकुशलच्या दरात अडकते. कायदा पदाचं नाव बघत नाही. कौशल्य, श्रम, अनुभव, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती बघतो, आणि किरकोळ फरक धरत नाही. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतल्या महिला स्टेनोग्राफरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्येच हे स्पष्ट केलं. कंपनीला परवडत नाही, हे कारणही तिथे टिकलं नाही.

पण नुसतं ‘आम्ही सारखंच काम करतो’ म्हणून भागत नाही. महिनाभर वहीत रोज लिहा: तारीख, पाळी, मशीन नंबर, किती नग निघाले, सेटिंग कोणी केलं, मशीन बंद पडल्यावर कोणाला बोलावलं. तो सेटिंग करत असेल आणि तुम्ही फक्त माल भरत असाल, तर फरक खरा ठरू शकतो. मग सेटिंग शिकवा, असा अर्ज द्या आणि पोच घ्या.

दुसरी अडचण ठेकेदाराची. तुलना एकाच मालकाच्या कामगारांत होते. तो कंपनीचा आणि तुम्ही ठेकेदाराच्या असाल, तर प्रकरण गुंतागुंतीचं होतं. पगारपत्रकावर मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते आधी बघा आणि कामगार वकिलाला दाखवल्याशिवाय तक्रार लिहू नका.

मालक म्हणतो, तक्रार केलीस तर त्या मुलाचा पगार तुझ्याएवढा करतो.

करता येत नाही. समानतेसाठी कोणाचाही दर खाली आणायला संहितेत मनाई आहे.

ऊसतोडीला आम्ही नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल (आगाऊ रक्कम) नवऱ्याच्या हातात जाते, खाडाही (कामावर न गेलेल्या दिवसाचा दंड) तोच भरतो. माझी मजुरी कुठे धरायची? (धारूर)

दर टनावर आणि कोयत्यावर, म्हणून तुमची मजुरी कागदावर दिसतच नाही, मग मोळ्या बांधून डोक्यावरून गाडी भरण्याचं काम तुमचं असलं तरी. मुकादमाशी (तोडणीची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराशी) बोलणी गाव सोडण्याआधी करा, फडात गेल्यावर कोणी ऐकत नाही. कागदावर दोघांची नावं आणि सह्या असाव्यात, तुमच्या वाट्याची उचल तुमच्या खात्यावर यावी. कोणत्या दिवशी किती खाडा लावला, हे त्याच दिवशी लिहा. ऊसतोड कामगार म्हणून स्वतःची वेगळी नोंदणी करून ओळखपत्र घ्या. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. आधीच दिला असेल, तर लगेच वकिलाला भेटा.

बाळंतपणाच्या रजेत माझा पगार कमी केला. (लातूर)

रजेच्या काळात तुमच्या तोट्याच्या अटी घालता येत नाहीत. रजेचा अर्ज आणि नवं पत्र घेऊन सल्ला घ्या.

एक एजंट 3 हजार रुपयांत तक्रार करून ‘सगळा फरक काढून देतो’ म्हणतो. द्यावेत का? शेजारी म्हणतात, वर्ष उलटलं, आता काही होत नाही. (जालना)

एक रुपयाही देऊ नका. महिलेला मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे आधार कार्ड, पगारपत्रकं आणि बँकेचा उतारा घेऊन जा. शेजाऱ्यांचं ऐकू नका: संहितेनुसार दाव्याची मुदत 3 वर्षं आहे, पगार पूर्ण दिला हे मालकाला सिद्ध करावं लागतं आणि थकलेल्या रकमेशिवाय तिच्या 10 पटींपर्यंत भरपाई द्यायला लावण्याचा अधिकार दावा ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याला आहे. अर्ज कोणाकडे द्यायचा, ते कामगार उपायुक्त कार्यालयात विचारा. पण मुदत प्रत्येक महिन्याच्या पगाराला वेगळी मोजली जाऊ शकते, म्हणून दिवाळीनंतर बघू म्हणू नका, याच आठवड्यात जा.