गोळ्या वाढवल्या, तरी शुगर का उतरत नाही?

प्रश्न : मॅडम, मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी, वय ४१. अंगानं पहिल्यापासून सडपातळ, घराण्यात कोणाला शुगर नाही. दोन वर्षांपूर्वी मला निघाली. वर्षभर गोळ्यांवर बरं चाललं. आता गोळ्या वाढवूनही उपाशीपोटी २६० येते, पँट कमरेवर थांबत नाही, डवरणी करताना पाय लटपटतात. साखर, भात सोडला, तरी घरचे म्हणतात चोरून खातो. डॉक्टर इन्सुलिन घ्या म्हणतात. एकदा सुई लागली की संपलंच ना? घरी फ्रिजही नाही.

उत्तर : भाऊ, हे आधी घरच्यांना वाचून दाखवा. पथ्य पाळूनही गोळ्या पुऱ्या पडत नाहीत, असा एक मधुमेह असतो. त्याला 'लाडा' म्हणतात. यात कुंपणच शेत खातं : शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. मोठ्या वयात हे सावकाश चालतं. सुरुवातीला बऱ्याच पेशी शाबूत असतात, म्हणून गोळ्या लागू पडतात आणि सगळ्यांना तो टाइप २, म्हणजे मोठ्या वयात होणारा नेहमीचा मधुमेह वाटतो.

तुम्हाला तोच आहे, असं पत्रावरून सांगता येणार नाही. आपल्याकडे किडकिडीत माणसांनाही टाइप २ होतो. जीएडी अँटिबॉडी (प्रतिकारशक्ती उलटली आहे का ते कळतं) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते कळतं) या रक्ताच्या दोन तपासण्या करून घ्या. तालुक्याला होत नसतील तर लॅबवाले नमुना बाहेर पाठवतात. लाडा निघाला तर थायरॉईडही तपासा. स्वादुपिंडाला जोर लावून इन्सुलिन काढायला लावणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या मग सहसा बंद करतात, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

इन्सुलिन मात्र रिपोर्टसाठी लांबवू नका. संपलं वगैरे काही नाही. शरीरात जे कमी पडतंय तेच बाहेरून द्यायचं आहे, आणि तुमचं वजन ज्या वेगानं उतरतंय त्याची मला खरी काळजी वाटते. उपाशी राहून शुगर उतरवू नका.

फ्रिज नसला तरी अडत नाही. मेडिकलमधून एका वेळी एकच बाटली आणा. घट्ट झाकणाच्या डबीत घालून ती डबी पाण्याच्या लहान माठात, सावलीत ठेवा. बर्फाला लावू नका. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा, साधारण चार आठवड्यांनी ती टाकून द्या. बाटली ४० युनिटची (एका मिलीत ४० युनिट) असेल तर सिरिंजही लाल टोपणाची, ४० चीच हवी; १०० ची वापरली तर डोस चुकतो. वावरात जाताना खिशात साखरेची पुडी ठेवा. घाम फुटला, हात थरथरले की शुगर फार खाली गेली समजायचं आणि ती लगेच खायची.

उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास असं एकत्र झालं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा. जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन मनानं बंद करू नका.