मी कॉलेजला आहे, गावातल्या लहान पोरांना संगीत शिकवायचंय पण पेटी-तबला काहीच नाही, सुरुवात कशी करू?

पेटीसाठी थांबू नका. मी अमरावतीला बीए करतोय, संगीत विषय आहे, गाव दर्यापूरकडे, सुट्टीत गावी गेलो की शाळेतल्या पोट्ट्यांना घेऊन बसतो, म्हणून सांगतो. आधी वर्गणी, मग पेटी, मग क्लास असं ठरवलं तर पोरं दहावीला जातात तरी क्लास सुरू होत नाही.

तुमच्या गावात भजनी मंडळ असेलच. मोझरीचा गुरुकुंज आश्रम १९३५ चा, तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनं हा सगळा मुलूख गाता केला, आजही कितीतरी गावांत संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते आणि तिथले बुढे लोक खंजिरी, टाळ, ढोलकी जीवापाड सांभाळून असतात. त्यांना जाऊन भेटा, आपण शिकवतो म्हणू नका, तुम्ही पोरांना शिकवता का म्हणून विचारा. आमच्याकडे एक आजोबा आहेत, त्यांना बोल लिहिता येत नाहीत पण केरवा, म्हणजे आठ मात्रांचा ताल, असा पक्का की मी कॉलेजात शिकूनही त्यांच्यासमोर सांभाळून वाजवतो.

चौथीतली एक पोरगी तोंडच उघडत नव्हती. म्हटलं गाऊ नको, खंजिरी धर. आजोबांनी तिचं मनगट सैल करून दाखवलं, थाप कडेला कुठं आणि मधात कुठं ते दाखवलं, ती ओठातल्या ओठात आठ मात्रा मोजायला लागली आणि मोजता मोजता कधी गायला लागली ते तिलाही कळलं नाही. आता घरी जायचं नाव घेत नाही, "दादा, मले अजून एक डाव वाजवू द्या न."

एक गोष्ट मात्र नक्की पाळा, स्वतःच्या सुरात पोरांना गायला लावू नका. माझा सा काळी एकचा, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवरचा, लहान पोरांना तो फार खाली पडतो, मग ती नुसती पुटपुटतात आणि लोक म्हणतात याला गळाच नाही. काळी चार लावून बघा, आवाज मोकळा होतो. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप फुकट मिळतं, फोन स्टीलच्या गिलासात उभा ठेवला की मागच्यालाही ऐकू येतो. पहिला राग भूप घ्या, पाचच स्वर, सगळे शुद्ध.

वेळ गावाच्या हिशोबानं ठेवा. दिवाळीनंतर कापूस वेचायला घरचे सगळे वावरात जातात, मोठी पोरंही जातात, तेव्हा दुपारचा क्लास चालत नाही, दिवेलागणीनंतर बसा. म्हणूनच गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा द्यायची तर नोव्हेंबर-डिसेंबरचं सत्र सोडा, एप्रिल-मेला बसवा. पण परीक्षेची घाई नको, आधी पोरं तालात टाळी द्यायला लागू द्या.

तुम्ही कॉलेजला परत गेलात की क्लास बंद पडतो, हीच खरी अडचण. त्यासाठी सातवी-आठवीतल्या एकाला तयार करा, आणि अलंकार, म्हणजे स्वरांचे सरावाचे पलटे, स्वतःच्या आवाजात, पोरांच्या पट्टीत, रेकॉर्ड करून गावातल्या कोणाच्या तरी व्हॉट्सॲपवर पाठवा. पेटी नंतर सेकंडहँड घेता येते, घेताना प्रत्येक सूर दाबून आणि भाता लीक होतो का ते बघून घ्या.

तुमचं गाव अमरावती जिल्ह्यात असेल तर इथंच लिहा, पुढच्या सुट्टीत मी येतो, दोघं मिळून बसू.