वँगरॅटा रोव्हर्स हा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा गावाकडचा क्लब असून ७० च्या दशकात इतका भारी कसा झाला?

थोडक्यात सांगायचं तर बॉब रोझमुळे, आणि त्याने घालून दिलेली घडी क्लबने पुढे मोडू दिली नाही म्हणून. मेलबर्नपासून साधारण अडीचशे किमीवर वँगरॅटा आहे, रोव्हर्स १९५० ला ओव्हन्स अँड मरे या त्या भागातल्या लीगमध्ये आले तेव्हा नवखेच होते. १९५६ ला त्यांनी मेलबर्नच्या कॉलिंगवूड क्लबचा स्टार बॉब रोझ कोच आणि खेळाडू म्हणून आणला, वय अवघं २७, म्हणजे ऐन फॉर्मातला माणूस! हे जमलं कारण व्हीएफएल या मेलबर्नच्या मोठ्या लीगमध्ये कुल्टर लॉ नावाचा नियम होता, खेळाडूला किती पैसे द्यायचे यावर कडक मर्यादा, आणि गावाकडच्या क्लबांना ती लागू नव्हती, त्यामुळे ते कोचला सरळ जास्त पगार देऊ शकायचे. मग १९५८ आणि १९६० ला प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद. रोझनंतर केन बॉयड आला, त्याने १९६४ आणि ६५ अशा लागोपाठ दोन जिंकून दिल्या. आणि ७० च्या दशकात तर कहरच, १९७१, ७२, ७४, ७५, ७७, ७८, ७९, दहा वर्षांत सात! मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे की तोवर बाहेरच्या स्टारवर अवलंबून राहायची गरज उरली नव्हती, नेव्हिल होगनसारखा क्लबचाच खेळाडू कोच झाला होता. फक्त एक, लीगमधला सगळ्यात यशस्वी क्लब म्हणून रोव्हर्सचं नाव घेऊ नका, एकूण प्रीमियरशिपमध्ये ऑल्बरी त्यांच्या पुढे आहे.