पापणीच्या फोटोवरून अ‍ॅनिमिया ओळखणारं अ‍ॅप धडगावात न्यायचं असेल तर

तुम्ही विचारलंय की पापणीच्या आतल्या फोटोवरून अ‍ॅनिमिया ओळखणारं अ‍ॅप नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यातल्या आशाताईंना द्यायचं, तर अचूकता किती टक्के हवी. मी या डोंगरात बारा वर्षं आरोग्यसेविका होते. टक्क्यांचं नंतर बघू.

असंच एक अ‍ॅप आमच्याकडे आलं होतं. कुडाच्या घरात उजेड नाही, म्हणून ताई गरोदर बाईला उन्हात आणून बसवायची. बाई डोळे मिटून घ्यायची. चार फोटो 'अस्पष्ट', पाचवा निघाला, तर रेंज टेकडीवर. वर चढून गेल्यावर उत्तर आलं, 'तातडीने रुग्णालयात न्या.' रस्ता नाही, झोळी उचलायला माणसं नाहीत. महिनाअखेरीस 'का नेलं नाही' हा जाब ताईलाच विचारला गेला. यंत्राशी आपलं मत जुळत नाही किंवा नेणं शक्य नव्हतं, हे नोंदवायची जागाच त्यात नव्हती. ती आधी करा.

थायलंडमध्येही फोटोंचं हेच झालं. गूगलची डोळ्याचा पडदा तपासणारी यंत्रणा तिथल्या ११ दवाखान्यांत वापरून बघितली, तेव्हा १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के तिने नाकारले. मोठं कारण अपुरा उजेड.

दुसरं, सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. भिल्ल-पावरा वस्तीत तो बराच आहे. फिकेपणा दिसला की लोहाच्या गोळ्या, एवढ्यावर इथे भागत नाही. वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या अंगात लोह आधीच साठलेलं असू शकतं. म्हणून निकालाखाली 'सोल्युबिलिटी टेस्ट (सिकलसेलची प्राथमिक चाचणी) झाली का?' हे यायलाच हवं. ती पॉझिटिव्ह आली तर पक्कं निदान एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या प्रयोगशाळेतल्या रक्ततपासण्यांवर होतं, तो नमुना कुठे पाठवायचा तेही लिहा. आणि निकाल फोनच्या यादीत उघडा ठेवू नका. वाहक, म्हणजे सिकलसेलचा दोष एकाच पालकाकडून आलेली मुलगी आजारी नसते, पण गावात कळलं की सोयरीक मोडते. हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि त्या घरी तोंड दाखवायला मला फार जड गेलं होतं. अंगठा घेतला म्हणजे संमती झाली असं धरू नका. पावरी, भिली बोलणाऱ्या बाईला तिच्या भाषेत समजावून मगच संमती घ्या, आणि 'नको' म्हटलं तरी गोळ्या-तपासणी थांबणार नाही हेही सांगा.

तुम्ही चाचणी जानेवारीत ठेवलीय. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं गुजरातेत कामाला गेलेली असतात, पाड्यावर म्हातारी माणसंच भेटतील. होळीला लोक परततात, तेव्हा या. पहिले आठ दिवस फोन पिशवीतच ठेवून ताईंसोबत नुसतं फिरा.